माझ्या श्रद्धांजलीचा फलक मीच केला

मित्रांनो, मी टेबलावर बसणारा एक जुना संगणक आहे, आणि कुमासी शहराच्या बांटामा भागातल्या बहुतेकांच्या मते मी वारलो आहे. काळजी करू नका. मला काही झालेले नाही. पंखा जरा खोकतो, एवढेच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझे असंख्य भाऊ एकाच दिवशी जन्मले, त्यामुळे वाढदिवस कोणाचाच साजरा झाला नाही. पुढे मी जर्मनीतल्या एका विमा कचेरीत लागलो. कोण कधी मरेल याचा अंदाज बांधणे हे माझे काम होते. अंदाज बहुधा चुकत. माणसे हट्टी असतात. मग कचेरीत नवे संगणक आले, आम्हा जुन्यांना जहाजात भरले आणि तेमा बंदरात उतरवले. तिथून सुक्या मासळीच्या पोत्यांवर बसून मी ट्रकने कुमासीला आलो. त्या मासळीचा वास माझ्या मागच्या जाळीत अजून आहे. मांजरांना तो आवडतो.

मला आंटी कोनादूने घेतले. तिच्या दुकानाच्या पाटीवर लिहिले आहे, 'देवाची वेळ उत्तम छपाई केंद्र'. तिथे मुख्यतः एकच गोष्ट छापली जाते, श्रद्धांजलीचे फलक. आमच्याकडे माणूस गेला की आधी फलक, मग बाकीचे सगळे. पिकले पान गळाले तर वर 'आयुष्याचा उत्सव' असे लिहितात, तरुण माणूस गेले तर 'काय हा धक्का!'. मध्ये मोठा फोटो, आणि खाली नातलगांची नावे, कोण कुठल्या गावी असतो त्यासकट. हॅम्बुर्गचा मुलगा आईला कधी भेटायला आला नाही तरी चालते, पण फलकावर त्याच्या नावापुढे हॅम्बुर्ग लिहायचे राहिले तर भांडण होते.

आंटी कोनादूची कला मोठी होती. मतदार ओळखपत्रावरचे रडवेले डोके ती अलगद कापून काढी आणि रंगीत केंटे वस्त्र पांघरलेल्या राजेशाही धडावर बसवी. मी कितीतरी गवंड्यांना आणि टॅक्सीवाल्यांना असे सिंहासनावर बसवले आहे. सुरुवातीच्या त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. आंटी रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसे, खोक्यावर हात ठेवी आणि प्रार्थना करी, "हे प्रभू, या यंत्राला विषाणूपासून वाचव. आणि कोपऱ्यावरच्या दुसऱ्या छपाईवाल्यापासूनही."

मग समोर बोआची आला. त्याने तिथे 'शत्रू म्हणजे देव नव्हे' या नावाचे केशकर्तनालय काढले. त्याला सगळे 'अपडेट' म्हणत, कारण जे संगणक अजून जन्मालाच आले नाहीत त्यांची त्याला खडानखडा माहिती होती.

आंटी कोनादू दरवर्षी नवा संगणक घ्यायला निघे. काखेत पर्स, डोक्याला ठेवणीतला रुमाल. ती रस्ता ओलांडायच्या आत बोआची दारात हजर.

"आंटी, कुठं?"

"संगणक आणायला. हा आता खोकतोय."

"आज? आज घेताय?" जणू ती विहिरीत उडी मारायला निघाली होती. "अहो, इस्टरनंतर नवं मॉडेल येतंय. आज घेतलंत तर इस्टरला तुमचं म्हातारं. आणि नवं आलं की आजच्याची किंमत अशी पडणार." आणि तो हातातला कंगवा सोडून देई. गिऱ्हाइके पडलेल्या कंगव्याकडे बघून मान हलवीत.

"तुला कोण सांगतं हे सगळं?"

"तेमा बंदरात माझ्या मेव्हण्याचा मित्र आहे."

"संगणकाच्या खात्यात?"

"तांदळाच्या. पण जहाजं दिसतात ना त्याला."

आंटी परत फिरे. यथावकाश इस्टर येई, आणि इस्टरनंतरचे मॉडेल आता पावसाळ्यानंतर येणार असे कळे. पावसाळ्यानंतरचे नाताळनंतर. अशी माझी वर्षे निघाली. बोआचीच्या अफवांवर मी जगलो, आणि त्यांच्यामुळेच माझे हालही झाले. कारण जाणाऱ्याला कोण पुसते? आंटीचे फडके बंद झाले. प्रार्थनाही बंद झाली. हरमॅटनचा वारा वाळवंटातली धूळ आणून माझ्यात ओती. दुपारी शेंगदाण्याच्या रश्श्याचा वाडगा माझ्या डोक्यावर ठेवला जाई, आणि मागच्या जाळीतून एक सरडा आत राहायला आला. तो भाडे देत नसे, पण डास खाई.

इकडे सलूनमध्ये येणाऱ्या संगणकावरून दोन पक्ष पडले होते. एक पक्ष म्हणे त्याला पंखाच नसेल. दुसरा म्हणे दोन असतील. एके सकाळी तर एक मास्तर अर्ध्या भादरलेल्या डोक्याने खुर्चीतून उठले.

"पंखाच नाही, तर गरम झाल्यावर तो करणार काय?"

"घाम येईल त्याला, मास्तर. तशी सोय केलीय."

"आणि आपली ट्वी भाषा कळेल?"

"म्हणींसकट. फक्त आक्राच्या लोकांची ट्वी कळणार नाही. ती कोणालाच कळत नाही."

"फोटोंचं काय?"

"फोटोतला माणूस आपोआप हसेल," बोआची म्हणाला. "तुम्ही कितीही रडका फोटो घाला. यंत्र त्याला हसवणार."

"आणि किंमत?"

"निम्मी."

"कशाच्या निम्मी?"

"जी असेल तिच्या."

मास्तर इतके समाधान पावले की अर्धे डोके तसेच घेऊन शाळेत गेले.

त्याच सुमारास एनो बिरागो ही म्हातारी वारली. तिचा भाऊ नाना न्यार्को हा त्यांच्या कुळाचा प्रमुख. तो दोन वडीलधाऱ्यांना घेऊन, खांद्यावर काळे वस्त्र टाकून फलक सांगायला आमच्या दुकानात आला.

"बसा ना, नाना," आंटी म्हणाली.

"बसत नाही." त्याने माझ्याकडे पाहिले. सरड्याने नेमके त्याच वेळी डोके बाहेर काढले. "हे काय?"

"संगणक आहे, नाना."

"आणि तो?"

"तो भाडेकरू."

नाना रस्त्याकडे वळला आणि सलूनपर्यंत ऐकू जाईल असा आवाज त्याने लावला. "शेजारच्या कुळानं त्यांच्या म्हातारीचा फलक लावला, त्यात दोन सिंह होते! सिंह! आणि माझ्या बहिणीचा फलक सरड्याच्या बिऱ्हाडात व्हायचा? पूर्वजांची शपथ घेऊन सांगतो. फोटो आपोआप हसवणारं नवं यंत्र येईल, तेव्हाच फलक होईल. आणि फलक झाल्याशिवाय माती नाही!"

"ऐकलं!" दोन्ही म्हातारे म्हणाले.

"ऐकलं!" सलूनमधून बोआची म्हणाला. त्याला कोणी विचारले नव्हते.

आता आमच्याकडे माती शनिवारीच देतात, आणि तिला वेळ लागणे यात नवल नाही. हॅम्बुर्गहून मुलगे यायचे असतात, मांडव ठरायचा असतो, आणि तोवर माणूस शवागारात असते. पण इथे मुलगे आले होते, मांडव ठरला होता, आणि एक म्हातारी संगणकाच्या पुढच्या मॉडेलची वाट बघत बर्फात पडून होती. जिवंत माणसांनी मॉडेलची वाट बघावी हे मी पुष्कळ पाहिले होते. हे मला नवीन होते.

एनो बिरागोची मुलगी पोकुआ चौकात चवळीभात विकते. ती एक दिवस हातातल्या डावासकट सलूनसमोर उभी राहिली.

"बोआची, बाहेर ये."

"पोकुआ, गिऱ्हाईक आहे गं."

"तुझ्या तोंडानं माझ्या आईला फ्रीजमध्ये घातलंय. आता तुझ्याच तोंडानं बाहेर काढ. जा मामाकडे, सांग, नवं यंत्र येत नाहीये म्हणून."

"पण येतंय ना! पावसाळा झाला की लगेच..."

"माझी आई भर दुपारी पंखा बंद करायला लावायची. गार पाणी कधी प्यायली नाही. आणि तिला तू पावसाळ्यापर्यंत तिथं ठेवतोस?"

बोआचीचा चेहरा पडला. त्याला खरोखरच वाईट वाटले. "पोकुआ, अंदाज मागं घेता येत नाही गं," तो म्हणाला. "फक्त पुढं ढकलता येतो."

ती रस्ता ओलांडून आमच्याकडे आली, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि रडली. मित्रांनो, पडदा हा आमचा चेहराही असतो आणि डोळाही. मी तिला अगदी जवळून पाहिले. ज्या अफवेवर मी इतकी वर्षे जगलो तीच आता तिच्या आईला थंडीत ठेवत होती. त्या क्षणी मी ठरवले की या म्हातारीचा फलक मीच करणार. कसा, ते मला माहीत नव्हते. मला हात नाहीत.

"मामाला पुन्हा भेटून बघ," आंटी कोनादू म्हणाली.

"भेटले. म्हणाला, पोरी, मलाही कळतंय गं. पण शपथ घशात अडकलीय. चारचौघांत घेतलेली, गिळता येत नाही. नवं यंत्र आण, मी तिथंच तारीख देतो."

"नवं काही येत नाही."

पोकुआने डोळे पुसले आणि माझ्याकडे एकटक पाहिले. "मग जुनं जाऊ दे."

"कुठं?"

"जिथं सगळे जातात. आंटी, राजा वारला की गादीवर बसेल तो नवा राजा. त्याला कोणी विचारतं का, तू किती नवा म्हणून?"

आंटी कोनादूने डोक्याचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. ठाम काही ठरवताना ती असेच करते. मग तिने फोनवर माझा फोटो काढला, तो माझ्यातच घातला आणि माझ्या श्रद्धांजलीचा फलक करायला बसली. मी किती पिवळा पडलो आहे ते मला तेव्हा समजले.

"वर काय घालू? 'आयुष्याचा उत्सव' की 'काय हा धक्का'?"

"वयावर आहे."

आंटीने दारातून हाक मारली. "अपडेट! संगणकाचं वय माणसाच्या वयात कसं धरतात?"

"कुत्र्यासारखं, आंटी! पण जास्त भरभर!"

"मग उत्सवच."

तिने माझ्या खोक्यावर केंटे पांघरले. खाली नातलग घातले. पत्नी, प्रिंटर. मुले, कीबोर्ड आणि माउस (हॅम्बुर्ग). माउस खरे तर इथल्याच बाजारातला, पण हॅम्बुर्गने शोभा आली. भाडेकरू, सरडा. अंत्यविधी, कुटुंबापुरता झाला. माझ्या नावामागे 'कै.' लागले तेव्हा माझा पंखा क्षणभर थांबला. मग मी ठरवले की काम ते काम, आणि अक्षरे ठळक करून दिली.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीभिंतीवर होतो. लोक भेटायला येऊ लागले. मास्तर म्हणाले, "माझ्या वडिलांचं डोकं त्यानंच बसवलं होतं. मानेवर असं बसलं होतं की त्यांच्या हयातीत तसं बसलं नव्हतं." रश्श्याचा वाडगा माझ्यावर ठेवणारी बाई हुंदके देत म्हणाली, "कधी तक्रार केली नाही बिचाऱ्यानं." इतके चांगले बोलणे मी जिवंतपणी एकदाही ऐकले नव्हते. सर्वांत जास्त धक्का बोआचीला बसला होता.

"नवा आणलात? मला न सांगता? मॉडेल कुठलं?"

"पुढचं," आंटी म्हणाली.

"म्हणजे पावसाळ्यानंतरचं?"

"त्याच्याही पुढचं."

बोआची आपल्या दारातून मागे सरला तो थेट खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर बसला.

आंटीने आदल्या रात्रीच माझे झाकण उघडून धूळ झाडली होती, सरड्याला शेजारच्या दुकानाच्या जनरेटरवर हलवले होते, आणि माझ्यावर पांढरे जाळीचे कापड घातले होते. खोटे बोलणे वाईट असते, मित्रांनो. मी काहीच बोललो नाही. मी कापडाखाली बसून राहिलो.

नाना न्यार्को आला तेव्हा मागे अर्धा बांटामा होता. तो वाकून माझ्याकडे बघत राहिला. मी खूप दाबला, पण खोकला आलाच.

"नव्यालाही खोकला?"

"घराण्यातच आहे, नाना," आंटी म्हणाली.

नाना आणखी वाकला. "कोनादू," तो हळूच म्हणाला, "जुन्याचा फलक मी स्वतः वाचलाय. जुना गेला ना?"

"गेला, नाना."

"मग हा नवा. माझी शपथ नव्याची होती." त्याने मोठा सुस्कारा सोडला, पोकुआकडे बघितले आणि पुन्हा हळूच म्हणाला, "पण पोरी, फोटो हसला पाहिजे गं. तेवढं सगळ्यांनी ऐकलंय." मग ताठ होऊन तो गरजला, "दाखवा, कसा हसवतो ते!"

आंटीने एनो बिरागोचा ओळखपत्रावरचा फोटो पडद्यावर आणला. तो इतका रागीट होता की पुढची रांग मागे सरली. मग पोकुआने आपला फोन पुढे केला. कुणाच्या तरी लग्नात केक कापतानाचा फोटो होता. अगदी मागे, कोपऱ्यात, नखाएवढी तिची आई मान वर करून हसत होती.

"हाच," पोकुआ पुटपुटली. "हाच मोठा करून तिथं बसवा, आंटी."

विमा कचेरीत मी पुष्कळ माणसांच्या मरणाची गणिते केली होती, पण एका म्हातारीचे नखाएवढे हसू भिंतीएवढे करणे त्याहून जड गेले. मी तापलो. पंखा किंचाळू लागला. तेवढ्यात माझ्याच पडद्यावर सूचना आली की नवे अपडेट आले आहे, आता घ्यायचे की नंतर?

"नंतर!" आंटी ओरडली.

"नंतर!" अर्धा बांटामा ओरडला.

आणि लाइट गेली.

माझ्या शेजारची बॅटरी टूक टूक करू लागली. ती एरवी दोन शब्द वाचवण्याइतकीही टिकत नाही. मी म्हणालो, आज नाही. आज विझायचे नाही. मी घड्याळ दाखवणे सोडले. माउसचा बाण हलवणे सोडले. होता नव्हता तो सगळा जीव त्या फोटोला लावला.

"अडकला!" मास्तर म्हणाले.

अडकलो नव्हतो. जीव लावत होतो.

रागीट फोटो जिथे होता तिथेच, वरून खाली, एकेक रेघ करत नवा फोटो उतरू लागला. आधी कपाळ सैल झाले. मग डोळे बारीक झाले, कडेला सुरकुत्या उमटल्या. गाल वर गेले. ओठ मात्र अजून जुनेच होते, घट्ट मिटलेले. बॅटरीची टूक टूक आता एकसारखी झाली होती. आणि मग शेवटची रेघ उतरली, आणि एनो बिरागो पुढचे पडलेले दात दाखवत खदखदून हसली.

"हसली!" बोआची किंचाळला. "आपोआप हसली! मी सांगितलं होतं!"

आंटीने घाईने फोटो जतन केला, आणि मग बॅटरीने प्राण सोडला. पण तोवर काम झाले होते. लाइट आली तेव्हाही ती पडद्यावर तशीच हसत होती. नाना न्यार्को स्टुलावर बसला. वस्त्राचे टोक त्याने डोळ्यांना लावले.

"अशीच हसायची," तो म्हणाला. "मी आंब्यावरून पडलो तेव्हा. हात मोडला होता माझा."

आंटीने माउस हातात घेतला. "नाना, सिंह किती घालू?"

"कशाला? तिच्यापुढं त्यांचा निभाव लागायचा नाही." तो उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "येत्या शनिवारी माती!"

"ऐकलं!" दोन्ही म्हातारे म्हणाले.

पोकुआने माझ्या तापलेल्या खोक्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

शनिवारी मी गेलो नाही. टेबलावरच्यांना जाता येत नाही. पण ढोल मला इथपर्यंत ऐकू आले, आणि पांढरे-काळे कपडे घातलेले लोक दारावरून जाताना दिसले. सोमवारी पोकुआ आंटीसाठी चवळीभात घेऊन आली आणि न सांगता फडके ओले करून मला पुसू लागली.

"आईला जागा कशी मिळाली?" आंटीने विचारले.

"दिवसभर ऊन असतं," पोकुआ म्हणाली. "हात लावला तर माती गरम लागते."

"बरं झालं बाई."

आता माझे बरे चालले आहे. गिऱ्हाइके येतात, माझ्याकडे बघून हळहळतात आणि म्हणतात, "हा ठीक आहे, पण त्या आधीच्याची सर नाही." मी ऐकून घेतो. बोआची सांगतो की नाताळनंतर आणखी एक मॉडेल येते आहे, ते लोकांच्या मनातले ओळखेल, आणि किंमत पुन्हा निम्मी. येऊ दे. मी सरकून जागा करून देईन. तोवर मात्र मी इथेच बसणार आहे आणि सांगाल ती डोकी सांगाल त्या धडावर बसवणार आहे.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राची धूळ पुसत जा. त्याच्या डोक्यावर रस्सा ठेवू नका. त्याच्याविषयी चार चांगले शब्द बोलायचे असतील तर ते त्याला ऐकू येते आहे तोवर बोला. आणि घरातल्या कोणाला माती द्यायची असेल, तर शनिवार बघा. मॉडेल बघू नका.